सांध्यातलं इंजेक्शन आणि त्यानंतरचे दोन दिवस



मागच्या भागात फौज आणि क्विनाइनची गोष्ट झाली. आज १९४८ सालातली दोन प्रकरणं घेऊन बसलो आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीत कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण सगळे नुसतं ईएसआय म्हणतो. आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर नावाच्या गावी, आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला एका नव्या रसायनाचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पण आज बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एखाद्या टर्नरच्या खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन जातं, तेव्हा दोन्ही एकत्र येतात.

पीण्या ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडे एमआयडीसी म्हणतात तशी ही वसाहत, तुमकूर रस्त्याला लागून. शेजारी जालहळ्ळी. तिथे १९५३ साली एचएमटी आली, १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स. या मोठ्या सरकारी कारखान्यांना सुटे भाग लागायचे, ते बनवणारे छोटे छोटे कारखाने आसपास उभे राहिले आणि सत्तरच्या दशकात त्यांची रीतसर वसाहत झाली. आज तिथे मशीन शॉप आहेत, कपड्यांचे कारखाने आहेत, औषधांचे आहेत. १ मार्च २०१४ ला मेट्रो आली, तेव्हापासून ‘पीण्या इंडस्ट्री’ हे नाव स्टेशनावर वाचायला मिळतं. निवृत्तीनंतर काही वर्षं मी तिथल्या एका कारखान्यात प्रशासनाचं काम पाहिलं. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातली पुष्कळ माणसं तिथे होती, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मराठीच चालायचं. लेथ, ग्राइंडिंग, असेंब्ली अशी कामं. चाळिशी उलटली की कुणाचा खांदा धरायचा, कुणाचं कोपर, कुणाचा गुडघा. डॉक्टर सांध्यात इंजेक्शन द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी माणूस विचारायचा, “साहेब, काल दुपारी एकदम बरं वाटलं. रात्री असं ठणकायला लागलं की झोप नाही. इंजेक्शन चुकलं का हो?”

मी डॉक्टर नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. पण हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच इतिहासाचा आहे. सुईच्या आत काय आहे आणि ते तिथवर कसं पोचलं हे कळलं, की पुढच्या तासांत आणि आठवड्यांत काय होणार याचा निम्मा उलगडा होतो.

सुरुवात १९२९ सालची. रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर होते. १ एप्रिलला त्यांच्याकडे पासष्ट वर्षांचे एक डॉक्टरच रुग्ण म्हणून आले. आमवात जुना. त्यांनी सांगितलं, मला कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. कावीळ गेली तरी काही महिने आराम टिकला. दुसरा कुणी असता तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. हेंच यांनी अशा नोंदी जमवायला घेतल्या. गरोदरपणातही अनेक बायकांचा आमवात शांत होतो हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे शरीरातच असा काही पदार्थ असणार जो हा आजार दाबून ठेवू शकतो. त्याला त्यांनी नुसतं ‘पदार्थ एक्स’ म्हटलं.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅड्रिनल ग्रंथींवर काम करत होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या दोन लहानशा ग्रंथी. गुरांच्या ग्रंथींमधून त्यांनी वेगवेगळी रसायनं वेगळी काढली आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरं दिली. जानेवारी १९४१ मध्ये दोघांचं बोलणं झालं: संधी मिळाली तर कंपाउंड ई आमवातावर वापरून पाहायचं. अडचण एवढीच, की ते मिळायचं कणभर.

आता इथे फौज येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत खबर पसरली की जर्मनी अर्जेंटिनाच्या कत्तलखान्यांतून गुरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी विकत घेतंय आणि त्यांचा अर्क टोचून जर्मन वैमानिक ४०,००० फुटांवर उडतायत. आपल्या फौजेत अशा बातमीला ‘लंगर गप्प’ म्हणतात, लंगरमध्ये ताटावर बसून पिकलेली बातमी. ही तशीच होती, तिच्यात काही तथ्य नव्हतं. पण तिच्यामुळे अमेरिकी सरकारने या रसायनांवरच्या संशोधनाला जोर दिला, औषध कंपन्या कामाला लागल्या, आणि मर्क कंपनीत लुइस सॅरेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने बैलाच्या पित्तापासून कंपाउंड ई तयार करण्याची वाट शोधली. तीसहून अधिक पायऱ्यांची ती वाट होती. शेकडो किलो पित्ताम्ल घालावं तेव्हा किलोभर माल. एका खोट्या खबरीने इतकं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. हेंच स्वतः त्या काळात वर्दीत होते, अमेरिकी सैन्याच्या संधिवात केंद्राचे प्रमुख, कर्नल हुद्द्यावर.

युद्ध संपलं, वैमानिकांचा विषय मागे पडला, पण माल थोडाफार तयार झाला होता. तो हेंच यांनी मागून घेतला. ज्या बाईला तो दिला तिचा उल्लेख वैद्यकाच्या पुस्तकांत ‘मिसेस जी’ असा येतो. वय २९. जुलैपासून इस्पितळात, कुठल्याच उपायाला दाद नाही. २१ सप्टेंबरपासून रोज १०० मिलिग्रॅम. दोन दिवस काही विशेष नाही. तिसऱ्या दिवशी ती अंथरुणात सहज कुशीवर वळली. आठवडाभरात ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. हेंच यांनी रुग्णांची आधीची आणि नंतरची चालण्याची फिल्म काढली. एप्रिल १९४९ मध्ये मेयोत डॉक्टरांसमोर ती दाखवली तेव्हा सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे ताडेउश राइखस्टाइन यांना मिळालं. पहिल्या रुग्णापासून नोबेलपर्यंत जेमतेम दोन वर्षं! त्या रसायनाचं नाव तोवर कॉर्टिझोन झालं होतं.

पण याच दोन वर्षांत दुसरी बाजूही दिसली. रोज मोठी मात्रा घेणाऱ्यांचे चेहरे गोल सुजायला लागले, रक्तातली साखर वाढायला लागली, काहींचं मन बिघडलं. आणि औषध थांबवलं की दुखणं परत. हेंच यांनी हे लपवलं नाही. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की हे औषध आग विझवणारा बंबवाला नाही आणि जळालेलं घर बांधून देणारा सुतारही नाही. ते माणसाला आगीत उभं राहता येईल असा अंगरखा चढवतं. आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर सांध्यात इंजेक्शन घेणाऱ्याला सांगायला याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

इथे एक खुलासा करतो, कारण कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी हमखास विचारतात. तालमीत दंड फुगवायला लपूनछपून घेतात ते स्टेरॉइड वेगळं. ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं. सांध्यातलं हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या हार्मोनच्या जातीचं. रेणूचा सांगाडा सारखा असला तरी त्यांची कामं निराळी.

तर डॉक्टरांपुढे प्रश्न आला: दुखतोय एक गुडघा, मग औषध सगळ्या शरीरात का फिरवायचं? फक्त गुडघ्यातच घालावं. काहींनी कॉर्टिझोन थेट सांध्यात टोचून पाहिलं आणि फारसा उपयोग झाला नाही. कारण पुढे नीट कळलं. कॉर्टिझोन स्वतः काम करत नाही. यकृत वगैरे अवयवांत त्याचं हायड्रोकॉर्टिझोन होतं, आणि खरा कामगार तो. केंडल यांच्या यादीतलं कंपाउंड एफ ते हेच. फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये हायड्रोकॉर्टिझोन सांध्यांत वापरल्याचे परिणाम प्रसिद्ध केले आणि आजच्या इंजेक्शनची पद्धत तिथून सुरू झाली. दहा वर्षांत त्यांच्या गटाने चारेक हजार रुग्णांना मिळून लाखभर इंजेक्शनं दिली होती.

औषध सांध्यात घातलं तर तिथे टिकायला हवं. पाण्यात चटकन विरघळणारं असेल तर काही तासांत रक्तात निघून जाईल. म्हणून त्याचं असं रूप केलं जातं जे पाण्यात नीट विरघळत नाही. बाटली हलवली की दुधासारखं पांढरं दिसतं ते त्यामुळे. त्यात औषधाचे बारीक स्फटिक तरंगत असतात. पुढे आलेली ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ही औषधंही याच चालीची. डॉक्टर ‘डेपो’ इंजेक्शन म्हणतात ना, ते अगदी फौजेतल्या डेपोसारखं. रसद एका जागी साठवायची आणि तिथून थोडी थोडी सोडायची.

आणि आपल्या टर्नरची ती ठणकणारी रात्र इथूनच आली.

१९६० च्या सुमारास फिलाडेल्फियातच डॅनियल मॅकार्टी हे डॉक्टर सांध्यातलं पाणी खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. गाउटच्या रुग्णांच्या सांध्यांत त्यांना युरिक आम्लाच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक दिसले. हे स्फटिक आजाराचं कारण की परिणाम? शहानिशा करण्यासाठी ते आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी असले स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत गुडघे असे पेटले की प्रश्न निकालात निघाला. शरीराला सांध्यात असा बारीक टोकदार कण सापडला की पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात आणि त्या झटापटीत सांधा सुजतो. मग मॅकार्टी यांना वाटलं, स्टेरॉइडचेही स्फटिकच तर आहेत. १९६४ मध्ये त्यांनी होगन यांच्याबरोबर दाखवून दिलं की इंजेक्शननंतर काही जणांना येणारी कळ ही त्या स्फटिकांची करणी. सूज घालवणारं औषध आपल्या आकारामुळे आधी थोडी सूज आणतं.

आता इंजेक्शननंतरचे तास पाहा. बऱ्याचदा स्टेरॉइडबरोबर लिग्नोकेन मिसळलेलं असतं, दात काढताना देतात तीच भूल. म्हणून पहिले काही तास सांधा एकदम हलका वाटतो. तो आराम स्टेरॉइडचा नसतो. भूल उतरली की मूळ दुखणं परत येतं, आणि शंभरातल्या दोन ते दहा जणांना त्यावर स्फटिकांची कळ चढते. ती बहुधा पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत असते आणि आपोआप ओसरते. तोवर सांध्याला विश्रांती, कपड्यात गुंडाळून बर्फ, आणि डॉक्टरांनी सांगितलेली साधी वेदनाशामक गोळी. खरा गुण कुणाला दोन-तीन दिवसांनी येतो, कुणाला आठवडा लागतो. पुढे तो काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत टिकतो. काहींना काहीच गुण येत नाही, तेही धरून चालावं.

चेहरा एक-दोन दिवस लाल, गरम वाटणं हेही होतं, विशेषतः बायकांना. ते घाबरण्यासारखं नसतं. टोचलेल्या जागेची कातडी काही महिन्यांनी पांढुरकी किंवा खोलगट झालेली दिसू शकते. सावळ्या रंगावर ते उठून दिसतं, म्हणून आपल्या लोकांना आधी सांगितलेलं बरं.

साखरेचं मात्र गंभीरपणे घ्या. या औषधांच्या घराण्याचं नावच ग्लुकोकॉर्टिकॉइड. पहिल्या दोन अक्षरांत ग्लुकोज आहे, कारण यकृताकडून साखर बाहेर काढणं हे या हार्मोनचं मूळ काम. सांध्यातलं थोडं औषध रक्तात जातंच. मधुमेह नसलेल्याला कळतही नाही, पण मधुमेह असलेल्याची साखर काही दिवस, कधी आठवडाभर वर राहते. आणि फ्रोझन शोल्डर, म्हणजे गोठलेला खांदा, नेमका मधुमेहवाल्यांना जास्त होतो! तेव्हा इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना मधुमेह असल्याचं सांगायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगायच्या, आणि त्या आठवड्यात साखर रोज तपासायची. गोळ्या-इन्सुलिन आपल्या मनाने वाढवायचं नाही.

सगळ्यात क्वचित आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे सांध्यात जंतू शिरणं. ही ओळखायची कशी? स्फटिकांची कळ पहिल्या दिवशी येते आणि उतरत जाते. जंतूंचं दुखणं चढत जातं. दोन-तीन दिवसांनंतरही वाढतंय, सांधा लाल आणि तापलेला आहे, हलवता येत नाही, ताप-थंडी आहे, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. सोमवारी बघू, असं चालत नाही.

जंतूंचा विषय निघाला की मला पीण्याचाच एक कारखाना आठवतो. कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स. हा १९८१ साली स्थापन झाला तो आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि कर्नाटक सरकारच्या महामंडळाच्या भागीदारीतून. १९५० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, त्याची ही पीण्यातली शाखाच म्हणा ना. इंजेक्शनची औषधं निर्जंतुक वातावरणात भरणं हे अशा कारखान्यांचं मुख्य काम. बाहेरून पाहणाऱ्याला ती खोली म्हणजे अंगभर पांढरे झगे घातलेली माणसं आणि काचेच्या बाटल्यांची रांग, बाकी काही नाही. पण ते काम ढिलं झालं तर काय होतं, ते २०१२ मध्ये अमेरिकेत दिसलं. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरमध्ये भरलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या बाटल्यांत बुरशी होती. पाठीच्या मणक्याशी आणि काहींच्या सांध्यांत ती इंजेक्शनं गेली. ७५३ माणसं आजारी पडली, त्यातली ६४ गेली. सांधा ही बंद खोली आहे. आत जे घालाल ते तिथेच राहतं.

आणखी एक शेजार सांगायचा मोह आवरत नाही. बैलाच्या पित्तापासून बनवलेलं कॉर्टिझोन सुरुवातीला ग्रॅमला २०० डॉलर पडायचं. ते स्वस्त झालं कंदामुळे आणि बुरशीमुळे. रसेल मार्कर यांनी मेक्सिकोच्या जंगली कंदातल्या डायोस्जेनिनपासून हार्मोन बनवायची रीत काढली होती, पण कॉर्टिझोनसाठी रेणूच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणं हे रसायनशास्त्रज्ञांना फार जड जायचं. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी ते काम रायझोपस बुरशीकडून एका फटक्यात करून घेतलं. शिळ्या ब्रेडवर काळी लव येते ना, तिचीच ही बहीण. किंमत ६ डॉलरवर आली. कंदाचं ते कुळ म्हणजे आपल्या कोकणातल्या करांद्याचं आणि कोनफळाचं. हिमालयात त्याचीच एक जात रानात उगवते. काश्मिरात तिचा कंद लोकर धुवायला वापरत, कारण त्याला साबणासारखा फेस येतो. औषधासाठी तो इतका उपसला गेला की शेवटी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. म्हणून मध्य अमेरिकेतली जात भारतात लावून पाहिली गेली, आणि त्या कामात पुढे होती ती पीण्यापासून तासाभराच्या आत असलेली हेसरघट्टाची भारतीय बागायती संशोधन संस्था. तिने काढलेल्या वाणाचं नाव ‘अर्क उपकार’. पुढे सोयाबीनपासून कच्चा माल मिळू लागला आणि या शेतीची मागणी ओसरली. नाव मला फार आवडतं, म्हणून सांगितलं.

आता मुख्य मुद्दा, किती वेळा घ्यायचं. धोक्याची घंटा नवी नाही. इंग्लंडमधल्या चँडलर आणि राइट यांनी १९५८ मध्येच लिहिलं की सांध्यात वरचेवर हायड्रोकॉर्टिझोन घेतलेल्या काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले. दुखणं कळत नाही म्हणून माणूस त्या सांध्यावर भार टाकत राहतो, हे एक कारण दिलं गेलं. औषधाचा कूर्चेवरच परिणाम होतो, हे दुसरं. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याच्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर बारा आठवड्यांनी स्टेरॉइड दिलं, निम्म्यांना मिठाचं पाणी. शेवटी दुखण्यात फरक नव्हता आणि स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली होती. म्हणून डॉक्टर एका सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये तीन महिन्यांचं तरी अंतर ठेवतात, आणि सांधा बदलायची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधीचे तीन महिने टाळतात.

पीण्यात ज्याची गरज जास्त ते टेनिस एल्बो, कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं. दिवसभर स्क्रू आवळणाऱ्याला ते होतं, टेनिस न खेळताही. तिथे सुई खऱ्या अर्थाने सांध्यात जात नाही, स्नायूबंधाजवळ जाते. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ च्या चाचणीत १६५ रुग्ण होते. वर्षभराने स्टेरॉइड घेतलेल्यांत ८३ टक्के बरे होते, नुसतं नावापुरतं इंजेक्शन घेतलेल्यांत ९६ टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण ५४ टक्के आणि १२ टक्के. पहिल्या महिन्यात मात्र स्टेरॉइडवालेच खूश होते. माझ्या मते या दुखण्यात पुढे महिना-दोन महिने तेच काम करायचं असेल, तर डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारावा.

फौजी माणूस म्हणून एक चाचणी मला जवळची वाटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली, अमेरिकी सैन्याच्या इस्पितळांत झालेली. गुडघ्याच्या झिजेचे १५६ रुग्ण. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षानंतर दुखणं आणि हालचाल मोजणारे गुण पाहिले, ज्यात कमी गुण म्हणजे बरं. इंजेक्शनवाले सरासरी ५५.८, व्यायामवाले ३७. म्हणजे इंजेक्शनने मिळालेल्या शांततेच्या आठवड्यांत मांडीच्या स्नायूंची कवायत झाली नाही, तर ते आठवडे फुकट. फौजेत युद्धविराम झाला की खंदक दुरुस्त करतात, तोफा साफ करतात, कुणी पाय पसरून झोपत नाही.

आता राहिली १९४८ ची पहिली गोष्ट. ईएसआयची योजना प्रत्यक्ष सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ ला, कानपूर आणि दिल्लीत. कामगार आजारी पडला तर मजुरीचा काही भाग मिळावा, हा उद्देश मोठा आणि तो बऱ्याच अंशी पुराही झाला. आज आजारपणात मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. पण त्या कायद्याने एक अट घातली: आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता नाही. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलं तरच त्यातून सूट. किरकोळ सर्दी-पडशाला कुणी पैसे मागू नये, हा हिशेब असावा. विलायतेतल्या विमा कायद्यांतही असे प्रतीक्षेचे दिवस होते.

कायदा लिहिणाऱ्यांना स्फटिक माहीत असणं शक्यच नव्हतं. पण गणित असं जुळलं, की सांध्यातल्या इंजेक्शननंतर विश्रांतीचे जे दोन दिवस डॉक्टर सांगतात, नेमके तेच दोन दिवस भरपाईविना. ज्याची रजा शिल्लक आहे त्याला चालतं. ठेकेदाराकडच्या माणसाला दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि पूर्ण हजेरीचा बोनस असेल तर तोही. म्हणून भूल उतरायच्या आत तो मशीनवर हजर. भुलीच्या त्या हलकेपणात जड जॉब उचलतो, रात्री कळ येते, आणि दुसऱ्या दिवशी इंजेक्शनला दोष देतो.

आम्ही आमच्यापुरता काढलेला तोडगा अगदी साधा होता. ज्याचं इंजेक्शन तातडीचं नाही त्याने ते शनिवारी घ्यायचं. रविवारी कारखान्याला सुट्टी, म्हणजे एक दिवस फुकट मिळाला. सोमवारची हक्काची रजा सुपरवायझरने अडवायची नाही. त्यानंतर आठवडाभर त्याला मशीनऐवजी स्टोअरला बसवायचं, गेज आणि टूलच्या नोंदी करायला. मालकांनी विचारलं, एका माणसाला आठवडाभर बसवून ठेवायचं? त्यांना मी हॉलंडर आणि मॅकार्टी सांगितले नाहीत. एवढंच सांगितलं, की चांगला टर्नर तयार व्हायला दहा वर्षं लागतात. त्यांनी सही केली.

पुढच्या भागात पिंपरीला जाऊ, पेनिसिलिनच्या कारखान्यात. जय हिंद.